वारा सर्वांचा, डोंगर कोणाचा?

जुन्नर तालुक्यातील नाणेघाटापासून आंबेगावच्या आहुपे घाटमाथ्यावरून, भीमाशंकरच्या रानातून पुढे खेड आणि मावळपर्यंत सह्याद्रीची एकच सलग धार गेलेली आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोकणातून उसळून येणारा वारा ह्या धारेवर आदळतो. नाणेघाटात तर तो कड्यावरून कोसळणारे पाणी उलटे वर फेकतो. हा वारा कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, त्याला कुंपण घालता येत नाही. परंतु त्याची वीज करायची म्हटली की जमीन लागते, रस्ता लागतो, भांडवल लागते आणि सरकारची सही लागते. ह्या चार गोष्टी ज्याच्या हाती, वाराही त्याच्याच मालकीचा होतो. पवन ऊर्जेचा राजकीय प्रश्न नेमका येथे सुरू होतो. ‘स्वच्छ ऊर्जा’ ह्या शब्दाच्या भारदस्तपणाने दबून जाऊन तो टाळणे आपल्या कार्यकर्त्यांना परवडणारे नाही.

ह्याच धारेच्या दक्षिण भागात, खेड आणि मावळ तालुक्यांत, भीमाशंकर अभयारण्याला लागून ‘आंध्रा लेक’ नावाचा पवन प्रकल्प उभा आहे. एनरकॉन इंडिया ह्या कंपनीने तो उभारला आणि त्यासाठी वनजमीन वळती करण्यात आली. त्यातील १०६.४ मेगावॅटचा प्रकल्प हाँगकाँगच्या सीएलपी समूहाच्या भारतीय कंपनीकडे गेला. पुढे एनरकॉन इंडियाचे नाव ‘विंड वर्ल्ड’ झाले आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. सीएलपीच्या भारतीय कंपनीत कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील पेन्शन निधीचे भांडवल आले आणि २०२१ मध्ये तिचेही नाव बदलून ‘अप्रावा एनर्जी’ झाले. दहा-बारा वर्षांत कंपन्यांची नावे बदलली, भागधारक बदलले, भांडवलाचे देश बदलले. डोंगर मात्र तोच राहिला, आणि त्याच्या कुशीत राहणारा महादेव कोळी व ठाकर समाजही तोच राहिला. ह्या सर्व व्यवहारांत त्याची सही कोठे होती, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे. पवनचक्की ही कोळशाच्या वीजकेंद्रापेक्षा निश्चितच चांगली आहे. ती राख टाकत नाही, धूर सोडत नाही, नदीचे पाणी पीत नाही. वर्षभराच्या एकूण क्षमतेपैकी पाचवा हिस्सा वीज प्रत्यक्षात हाती येते असे धरले, तरी १०६.४ मेगावॅटच्या प्रकल्पातून वर्षाला सुमारे १८ कोटी ६० लाख युनिट वीज मिळते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या दीड लाखांहून अधिक कुटुंबांची ती गरज आहे. चंद्रपूर किंवा कोराडी येथील औष्णिक केंद्रांच्या राखेत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना ह्याचे मोल वेगळे सांगावयास नको. हवामान बदलत आहे आणि त्याचा पहिला तडाखा कोरडवाहू शेतकऱ्याला व आदिवासीलाच बसतो. म्हणून ‘पवनचक्की नको’ ही आपली भूमिका असू शकत नाही.

परंतु पवनचक्की उभी कशी राहते, हेही पाहिले पाहिजे. ‘आंध्रा लेक’मधील एक यंत्र ०.८ मेगावॅटचे, म्हणजे आजच्या मानाने लहानच. तरीही त्याच्या एकेका पात्याची लांबी २५ मीटरच्या आसपास आणि मनोऱ्याची उंची ७० मीटरहून अधिक असते. हे पाते तोडून दोन भागांत नेता येत नाही. ते अखंडच ट्रेलरवर चढवावे लागते आणि ट्रेलरला वळण्यासाठी रुंद, कमी चढाचा रस्ता लागतो. मनोरा उभा करण्यास अजस्र क्रेन लागते, क्रेनला सपाट केलेली जागा लागते. प्रत्येक यंत्रापासून उपकेंद्रापर्यंत वाहिनी टाकावी लागते. वाऱ्याला रस्ता लागत नाही, पण पवनचक्कीला लागतो. मैदानी मुलखात ह्याने फारसे बिघडत नाही. जेथे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, जेथे लाल मातीचा पातळ थर केवळ झाडांच्या मुळांनी खडकावर धरून ठेवलेला आहे, तेथे असा रस्ता म्हणजे डोंगराच्या अंगावर केलेली जखमच होय.

प्राध्यापक माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला अहवाल सादर केला. त्यात ह्या प्रकल्पाची स्वतंत्र नोंद आहे. समितीने म्हटले आहे की, स्थानिक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर प्रकल्पाविरुद्ध विचारपूर्वक शिफारस झाली होती. वरिष्ठांनी ती बाजूला सारून मंजुरी दिली. सुमारे २८,००० झाडे तोडली गेल्याचा अंदाज खुद्द वनविभागाचा होता. घाटांतून निकृष्ट रस्ते कोरल्यामुळे दरडी कोसळल्या, मातीची धूप झाली, आणि राडारोडा खालच्या सुपीक शेतांत व कृष्णेच्या उपनद्यांवरील जलाशयांत जाऊन पडला. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर जातो, शक्यतो जमिनीवर उतरत नाही. त्याच्या सलग रानातून रुंद रस्ता काढणे म्हणजे त्याच्या मुलखाची फाळणी करणे होय. आणि सर्वांत गंभीर नोंद माणसांविषयीची आहे. कंपनीने डोंगरावर तपासणी नाके आणि फलक लावले, त्यांना वनविभागाची मान्यता असल्याचा खोटा दावा केला, आणि पिढ्यान्पिढ्या त्या डोंगरांत वावरणाऱ्या लोकांना त्यांच्याच वाटांवर बेकायदेशीरपणे अडविण्यात आले, असे समितीने लिहून ठेवले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना मिळावयाचे हक्क तेव्हा मान्यही झालेले नव्हते.

हा अहवाल सरकारने कित्येक महिने दडवून ठेवला. माहितीच्या अधिकाराखाली भांडून, केंद्रीय माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालय यांच्या निर्णयांनंतर मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. ज्या शासनाला आपल्याच तज्ज्ञांचे म्हणणे लोकांना वाचू द्यावेसे वाटत नाही, ते शासन ग्रामसभेचे म्हणणे ऐकेल अशी आशा कोणी करावी?

येथे कायद्यातील एक पळवाट समजून घेणे आवश्यक आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यमापन अधिसूचनेच्या यादीत पवन प्रकल्पांचा समावेश नाही. म्हणजे साखर कारखान्याला जी पर्यावरण मंजुरी आणि जनसुनावणी लागते, ती शंभर मेगावॅटच्या पवन प्रकल्पाला लागत नाही. ‘धूर नाही म्हणून आघात नाही’ असे कायद्याने गृहीत धरले आहे. जेथे जमीन वनखात्याची आहे, तेथे वनसंवर्धन कायदा आणि वनहक्क कायदा एवढेच काय ते अडसर उरतात. त्यांपैकी दुसरा अडसरही ढिला करण्यात आला आहे. ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने केंद्राने असे बंधन घातले होते की, वनजमीन वळती करण्यापूर्वी वनहक्कांची पूर्तता आणि ग्रामसभेची संमती यांचे पुरावे प्रस्तावासोबत हवेत. २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी राज्य सरकारांवर ढकलली. केंद्राची मंजुरी आधी, हक्कांची पूर्तता मागाहून, असा उलटा क्रम त्यामुळे शक्य झाला. लग्न लागल्यावर मुलीची संमती विचारण्याचाच हा प्रकार आहे.

त्यात तालुक्यांच्या सीमांनी आणखी एक विसंगती निर्माण केली आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर आणि आंबेगाव ह्या तालुक्यांचा पश्चिम भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. तेथे पेसा कायदा लागू आहे आणि घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. खेड आणि मावळ मात्र अनुसूचित क्षेत्राबाहेर आहेत. डोंगर एक, समाज एक, नाती एक, देवही एकच. पण शीव ओलांडली की ग्रामसभेचे बळ निम्मे होते. कंपनीला वारा कोठे वाहतो हे जसे कळते, तसे कायदा कोठे पातळ होतो हेही कळते. म्हणून जुन्नर-आंबेगावच्या कार्यकर्त्यांनी खेड-मावळचा अनुभव ‘शेजारच्या तालुक्याची गोष्ट’ म्हणून सोडून देता कामा नये.

वीज, डोंगर आणि मुंबई यांचे हे नाते नवे नाही. ज्या तलावाचे नाव ह्या प्रकल्पाला मिळाले, तो आंध्रा तलाव टाटांनी ठोकरवाडी येथे धरण बांधून तयार केला, आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. त्याच सुमारास, १९२१ मध्ये, शेजारच्या मुळशी पेट्यात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी आपल्या जमिनींसाठी सत्याग्रह केला. धरणग्रस्तांचा तो जगातील पहिल्या संघटित लढ्यांपैकी एक. तेव्हाही ‘देशाच्या उद्योगासाठी त्याग’ हीच भाषा होती. धरण झाले, वीज मुंबईला गेली आणि मावळ्यांच्या वाड्या कित्येक दशके अंधारात राहिल्या. शंभर वर्षांनी भाषेतील ‘उद्योग’ जाऊन ‘पर्यावरण’ आले. त्याग कोणी करावयाचा, ते मात्र बदललेले नाही.

आणि प्रकरण येथे संपत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी २,८०० मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार केला. त्यातला एक १,००० मेगावॅटचा भिवपुरीला, दुसरा १,८०० मेगावॅटचा शिरवत्याला. वारा आणि ऊन आपल्या वेळेने येतात. त्यांची वीज साठवावयाची तर पाणी वर चढवून ठेवण्याची ही पद्धत उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु ह्याचा अर्थ असा की, पुढील वीस वर्षे सह्याद्रीच्या ह्या धारेवर भांडवलाची नजर राहणार. आज वाऱ्यासाठी, उद्या उंचीसाठी.

मग लाभाचा हिशेब काय? १९९० च्या दशकात सातारा जिल्ह्यातील वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या प्रामुख्याने आयकरातील सवलतीच्या जोरावर. पहिल्याच वर्षी यंत्राच्या किमतीएवढा घसारा दाखवून कर वाचवता येत असे. पुढे तो ८० टक्के झाला. २०१२ मध्ये ही सवलत काढली गेली, २०१४ मध्ये परत आली आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर मर्यादित झाली. म्हणजे ह्या चक्क्यांचे भांडवल काही अंशी जनतेच्याच तिजोरीतून आले आहे. उलट बाजूने पाहू. वनजमिनीवरील पवन प्रकल्पाकडून दर मेगावॅटमागे ३०,००० रुपये भाडे घेण्याची तरतूद होती, तीही केंद्राने २०१९ मध्ये काढून टाकली. वनाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ म्हणून भरलेली रक्कम वनीकरणाच्या सरकारी निधीत जाते, गावात येत नाही. गावाला मिळतात ती राखणदाराची चार कामे, आणि तीही कंत्राटदारामार्फत.

नाणेघाटातल्या दगडी रांजणात एके काळी जकात गोळा होत असे, अशी लोकांची समजूत आहे. घाट चढणाऱ्या मालाने मुलखाला काही द्यावे, हे तत्त्व म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचे शहाणपण. आज घाटमाथ्यावरून कोट्यवधी युनिट वीज उतरते आणि रांजण रिकामा राहतो. युनिटमागे केवळ १० पैसे ग्रामसभांच्या निधीत जमा करावयाचे ठरले, तर वरच्या हिशेबाने ह्या एका प्रकल्पातून दर वर्षी सुमारे १ कोटी ८६ लाख रुपये डोंगरातील गावांना मिळतील. ही मागणी अवास्तव नाही. केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणाने प्रकल्पाची एक टक्का वीज स्थानिक विकासासाठी मोफत देण्याची तरतूद केली आहे. २०१५ पासून खाणींकडून स्वामित्वधनाखेरीज घेतल्या जाणाऱ्या रकमेतून जिल्हा खनिज प्रतिष्ठाने चालतात. पाण्याला आणि खनिजाला जे तत्त्व लागू, ते वाऱ्याला का नाही?

परंतु समाजवादी कार्यकर्त्याने केवळ वाट्यावर समाधान मानू नये. प्रश्न मालकीचा आहे. डेन्मार्कने २००९ पासून काही वर्षे असा नियम अमलात आणला होता की, नव्या पवन प्रकल्पातील किमान २० टक्के भाग साडेचार किलोमीटरच्या आतील रहिवाशांना देऊ केले पाहिजेत. २०२० मध्ये त्याची जागा दुसऱ्या योजनेने घेतली. पण त्या देशात पवन ऊर्जा रुजली ती सहकारी मंडळ्यांच्या बळावर. सहकार तर आपल्या पुणे जिल्ह्याला शिकवावा लागत नाही. जुन्नरला ‘विघ्नहर’ आणि आंबेगावला ‘भीमाशंकर’ हे सहकारी साखर कारखाने आहेत आणि ते चिपाडापासून वीजही तयार करतात. मग सहकारी पवन प्रकल्प का नाही?

ह्या प्रश्नाचे उत्तर थोडे कडू आहे. आपला सहकार पाटाच्या कडेने वाढला. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे जुन्नर-आंबेगावात आहेत. पश्चिमेच्या आदिवासींच्या जमिनी त्यात बुडाल्या आणि पाणी पूर्वेच्या उसाला, द्राक्षाला, पुढे पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत गेले. घाटाखालच्या शेतकऱ्याची समृद्धी खोटी नाही आणि त्याच्या कष्टांविषयी आपल्याला आदर आहे. पण ज्याच्या जमिनीवर पाणी साठले त्याला तहान आणि ज्याच्याकडे पाट गेला त्याला सभासदत्व, ही वाटणी आपण पन्नास वर्षे मुकाट्याने पाहिली. वाऱ्याच्या बाबतीत तिची पुनरावृत्ती होऊ द्यावयाची नसेल, तर सहकाराचा पहिला सभासद घाटमाथ्यावरचा असला पाहिजे.

‘आदिवासींना हे जमेल काय?’ असे विचारणारे आपल्यातही आहेत. त्यांनी डिंभे जलाशयाकडे पाहावे. ज्यांची गावे त्या पाण्यात गेली, त्यांनीच संघटित होऊन जलाशयातील मासेमारी सहकारी तत्त्वावर आपल्या हाती घेतली आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पिके घेतली. डोंगरउतारावर एकमेकांच्या श्रमाने भातखाचरे घालण्याची ‘पडकई’ ही त्यांची जुनीच रीत आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि आपला बांबू आपण विकून दाखवला. व्यवस्थापन ही काही शहरी माणसाची जन्मजात विद्या नव्हे.

आणखी एक गोष्ट जबाबदारीने बोलली पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. त्या दुर्घटनेचा पवनचक्क्यांशी संबंध जोडणे अप्रामाणिकपणाचे होईल, आणि असल्या आरोपाने आपली बाजू दुबळीच होते. पण माळीणने एक धडा दिला आहे. ह्या पट्ट्यात उतार कापणे, सपाटीकरण करणे, पाण्याची वाट बदलणे ही केवळ अभियांत्रिकीची कामे नाहीत, ते माणसांच्या जिवाचे प्रश्न आहेत. म्हणून रस्त्याची आखणी, राडारोड्याची विल्हेवाट आणि उतारांची बांधणी यांची स्वतंत्र तपासणी झाल्यावाचून एकही कुदळ पडता कामा नये.

आपल्या चळवळीत ह्या बाबतीत दोन टोके दिसतात. एक गट म्हणतो, हरित ऊर्जा आहे, देशाला २०३० पर्यंत पाच लाख मेगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता उभारावयाची आहे, तेव्हा किरकोळ तक्रारी बाजूला ठेवा. दुसरा गट प्रत्येक चक्कीत षड्‌यंत्र पाहतो आणि गावाला केवळ ‘नाही’ म्हणावयास शिकवतो. पहिला गट भांडवलदाराचा वकील होतो, दुसरा कोळशाचा. आपली भूमिका तिसरी असली पाहिजे. पवन ऊर्जा हवी, तीही मोठ्या प्रमाणावर. पण ती प्रथम उघड्या पठारांवर, पडीक जमिनीवर आणि जुन्याच जागांवर. सलग रानात व अभयारण्याच्या कडेला नव्हे. आणि कोठेही असली तरी ग्रामसभेच्या संमतीने व सहभागाने.

संधी जवळ आली आहे. पवनचक्कीचे आयुष्य साधारण २५ वर्षांचे धरतात. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या पवन प्रकल्पांच्या नूतनीकरणाचे धोरण जाहीर केले आहे. जुनी लहान यंत्रे काढून त्या जागी थोडी परंतु मोठी यंत्रे बसवावयाची, असा त्याचा गाभा आहे. वनकुसवडेच्या चक्क्यांची वेळ आलेलीच आहे, भीमाशंकरच्या डोंगरावरील चक्क्यांचीही पुढील दशकात येईल. त्या वेळी मोठे पाते म्हणजे पुन्हा रुंद रस्ता. जुना करार संपून नवा होताना ग्रामसभा झोपेत राहिली, तर आणखी २५ वर्षे गेलीच म्हणून समजा.

म्हणून आजच पुढील मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. वनजमिनीवरील आणि घाटमाथ्यावरील पवन प्रकल्पांना जनसुनावणी व आघात मूल्यमापन अनिवार्य करा. सामूहिक वनहक्कांची पूर्तता आधी, मंजुरी मागाहून, हा क्रम पुन्हा प्रस्थापित करा. प्रत्येक युनिटमागे ठरावीक रक्कम थेट ग्रामसभेच्या खात्यात जमा करा. नूतनीकरणाच्या वेळी स्थानिक सहकारी संस्थेला भागभांडवल द्या आणि त्यासाठी सरकारी वित्तसंस्थांनी कर्ज द्यावे. प्रकल्प संपल्यावर पाया उखडणे, रस्ते मिटवणे, झाडे लावणे यांसाठीची रक्कम कंपनीने आरंभीच बँकेत ठेवावी, म्हणजे कंपनीचे नाव बदलले वा ती बुडाली तरी डोंगर पोरका होणार नाही.

ह्या मागण्या मंत्रालयात निवेदन देऊन पुऱ्या होणार नाहीत. त्यासाठी वाडीवाडीत वनहक्काचे दावे भरावे लागतील, नकाशे काढावे लागतील, ग्रामसभेचे ठराव बिनचूक लिहावे लागतील. हे काम कंटाळवाणे आहे. त्यात भाषणाला टाळ्या नाहीत. परंतु पुण्या-मुंबईच्या वाचकाने दिवा लावताना त्यामागचा डोंगर ओळखावा आणि डोंगरातल्या कार्यकर्त्याने आपल्या डोंगराचा कागद हाती घ्यावा, एवढे घडले तरी पुढच्या कराराच्या वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी बसलेले असेल. मुळशीच्या मावळ्यांना ते आसन मिळाले नाही. त्यांच्या नातवंडांना ते मिळवून देणे हे आपले काम आहे.